गारंबीची सातवी बी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आणि ज्याला सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तो आता ऐकायला उरलेला नाही. म्हणून धीर आला, असं तुम्हाला वाटेल. ते खरं असेल, तर आणखीच वाईट, नाही का?

हळूहळू लिहितो आहे. नोकरीभर ग्रंथपाल होतो. दुसऱ्यांनी लिहिलेलं जपलं, स्वतः लिहायची सवय नाही. शिवाय एक अडचण आहे. ही गोष्ट सांगायला बसलो की मला भलतंच काहीतरी आठवत राहतं आणि ते सगळं आनंदाचं असतं. कबुली द्यायला बसलेल्या माणसाला इतकं हसू यावं, हे बरं दिसत नाही. पण इसाक आठवला की हसू येतंच, त्याला मी काय करू?

इसाक सुतारकाम करायचा. जुन्या नाशकात, खाली दुकान आणि वर घर. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात नवी कपाटं करायला तो आला होता, त्याला तीस वर्षं होऊन गेली. फळी कापण्याआधी तो तिचा वास घ्यायचा. डोळे मिटून, अत्तराची कुपी हुंगावी तसा. मला पहिल्या दिवसापासून ‘लायब्ररी’ म्हणायचा. “काय लायब्ररी, आज किती पानं खाल्ली?” असं विचारत आत यायचा, आणि वाचनालयात शांतता राखा ही पाटी त्याच्याच डोक्यावर टांगलेली असायची.

तो रंधा मारायचा तेव्हा मी त्याला वाचून दाखवायचो. एकदा सह्याद्रीतल्या झाडांवरचं पुस्तक होतं. त्यात गारंबीचं वर्णन आलं. खोडासारखी जाड होत जाणारी, झाडांवर झाडं ओलांडत जाणारी वेल, आणि तिची हाताएवढी लांब शेंग. इसाकचा रंधा थांबला. हाताएवढी शेंग? पुस्तकवाले काहीही लिहितात, म्हणाला. मी म्हणालो, इगतपुरीच्या अलीकडे एका गावच्या देवराईत आहे असं ऐकलंय. त्या रविवारी त्याची स्कूटर माझ्या दाराशी उभी होती.

ती राई केवढी? एखाद्या शाळेच्या मैदानाहून थोडी मोठी. भोवतीच्या टेकड्या उघड्या, पिवळ्या, आणि मधेच हा काळपट हिरवा ठिपका. आत पाऊल टाकलं की ऊन मागे राहतं. जानेवारी असूनही पायाखालचा पाला ओलसर होता. दगडांवर शेवाळ, खोडांवर शेवाळ, आणि एक बेहडा एवढा थोरला, की आम्ही दोघांनी हात पसरले तरी निम्म्यापर्यंतही पोचलो नाही. गारंबी त्याच बेहड्यावर चढली होती. हत्तीच्या सोंडेसारखी वळत, पीळ खात वर जाऊन दिसेनाशी झाली होती. इसाकने मान वर केली ती बराच वेळ खाली आणलीच नाही. मग बेहड्याच्या बुंध्यावर बोटांच्या पेरांनी टकटक केली, कान लावला, आणि दबक्या आवाजात म्हणाला, “लायब्ररी, यातून अख्ख्या गल्लीचे दरवाजे निघतील.” थोडं थांबून म्हणाला, “नाही निघणार. किती बरं वाटतंय ना?”

आता सांगतो. नाही, आधी धोंडूबाबांबद्दल सांगायला हवं.

धोंडूबाबा त्या राईचे राखणदार. त्यांच्या वडिलांकडून ते काम त्यांच्याकडे आलं होतं. राईतल्या शेंदूर लावलेल्या दगडाला गाव ‘आई’ म्हणायचं आणि आईचा नियम साधा होता. आत चपला नाहीत, आणि बाहेर काही न्यायचं नाही. फूल नाही, काटकी नाही, वाळलेलं पानही नाही. पडलेलं पडल्या जागी कुजायचं. यासाठी त्यांची एक रीत होती. राईच्या सीमेवर एक उभा दगड आहे. निघताना प्रत्येकाने तिथे थांबून कपडे झटकायचे, खिसे बाहेर काढायचे, पिशवी उलटी करायची. झडती घ्यायचं कुणी नाही. ज्याचं त्याने झटकायचं. गवताचं कुसळ जरी धोतराला चिकटलं असलं तरी बाबा ते वेचून आत टाकायचे. पाहुणे हसायचे, मग आपणही झटकायचे.

त्या वर्षी, खूप वर्षांनी, गारंबीला शेंग धरली होती. एकच. ती खाली पडली होती आणि तिचा एक कप्पा उकलला होता. बाबा इसाकला पुढे कुठलंसं झाड दाखवायला घेऊन गेले होते. मी शेंगेपाशी एकटा होतो.

उकललेल्या कप्प्यात बी होती. गडद तपकिरी, तळहातात बरोबर मावेल एवढी, पॉलिश केल्यासारखी चमकणारी. मी फक्त बघायला उचलली. ती गार होती. जे मी इतकी वर्षं पुस्तकात वाचत होतो, ते पहिल्यांदा माझ्या हातात होतं, आणि मला ते हवं होतं. एवढंच. दुसरं काही कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही. चष्मा डोळ्यांवर होता, त्याचं घर पिशवीत रिकामं. मी बी चष्म्याच्या घरात ठेवली आणि टिचकीचं झाकण लावलं.

सीमेच्या दगडापाशी मी पिशवी उलटी केली. पुस्तक पडलं, रुमाल पडला, चष्म्याचं घर पडलं. बंद. मी ते उचलून परत पिशवीत ठेवलं. इसाकने खिसे बाहेर काढले आणि त्यातून भुसा पडला, पेन्सिलचा तुकडा पडला, रंध्याची एक कुरळी साल पडली. बाबांची लेक हौसा तेव्हा पंचविशीची असेल. ती खळखळून हसली, म्हणाली, ह्याच्या खिशात तर निम्मं रान हाय. सगळेच हसले. मीसुद्धा.

पुढच्या रविवारी इसाकलाच परत जायचं होतं. घरी सगळ्यांना त्या बेहड्याबद्दल सांगून सांगून त्याने जीव नकोसा केला होता. आम्ही पोचलो तेव्हा बाबा सीमेच्या दगडापाशी बसले होते, गावातली आणखी दोन जाणती माणसं शेजारी. कुणी चहा विचारला नाही.

“शेंगंला घरं सात,” बाबा म्हणाले. “बिया सहा.”

आठवड्यात बाहेरचे असे आम्ही दोघेच आलो होतो. बाबांनी आधी दोघांकडे पाहिलं, मग फक्त इसाककडे. का? तो सुतार होता, लाकडावर त्याची नजर असणार. त्याच्या खिशातून भुसा पडलेला सगळ्यांनी पाहिला होता. आणि कदाचित त्याचं नाव इसाक होतं म्हणूनही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण त्या क्षणी तो विचार माझ्या मनात आला होता, आणि मला त्याचा आधार वाटला होता.

इसाक म्हणाला, नाही बाबा, मी नाही नेली. चिडला नाही. उलट शेंगेची काळजी वाटल्यासारखा विचारू लागला, खारीने नेली नसेल ना? तेव्हा बाबा माझ्याकडे वळले.

“मास्तर, तुमी शिकलेले. संगट व्हते. ह्यानं नेली का?”

मी म्हणालो, “मी पाहिलं नाही, बाबा.”

नुसतं ‘नाही’ एवढं म्हटलं असतं तरी तो सुटला असता. हो म्हणायची हिंमत नव्हती आणि नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न माझ्यावर येणार होता. म्हणून शिकलेल्या माणसाने शिकलेलं उत्तर दिलं. इसाकने एकदा माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग बाबांपुढे उकिडवा बसला आणि विचारलं, “दंड काय असतो?”

दंडही रीतीचाच होता. ज्याने राईतलं नेलं, त्याने राईला द्यायचं. वरच्या उघड्या अंगाला गावाने रोपं लावली होती. दर रविवारी खालच्या ओढ्यावरून दोन-दोन कळश्या भरून न्यायच्या, प्रत्येक रोपाला पाणी घालायचं, पाऊस पडेपर्यंत. परतताना मी स्कूटरवर मागे बसलो होतो. इसाक वाऱ्यात ओरडून म्हणाला, “अरे यार, पाणीच घालायचंय ना? बायको घरी रोज भरते, तिला कुणी विचारतं का कशाची चोरी केली म्हणून?”

आणि इथून पुढे, काय सांगू तुम्हाला, माझ्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले दिवस सुरू होतात.

मीही त्याच्याबरोबर जायचो. दर रविवारी एक कळशी मीही उचलायचो. अपराधी वाटायचं म्हणून, असं म्हणालो तर ते अर्धंच खरं. मला तिथे जायला आवडायचं. चढावर इसाकची कळशी हिंदकळायची, तो भिजायचा आणि पुढच्या रोपाची माफी मागायचा. त्याने प्रत्येक रोपाला नाव दिलं. एक वाकडं जांभूळ होतं, त्याचं नाव ‘लायब्ररी’. हौसा ओढ्यावर धुणं धुताना हाक मारायची, “ओ चोर, आज उशीर झाला!” आणि इसाक लवून सलाम करायचा. दोन महिन्यांत बाबा त्याला आपल्या भाकरीतली भाकरी द्यायला लागले. आणि मला? मला गाव म्हणायचं, मित्र असावा तर असा. दंड त्याला, पाणी हा वाहतोय. ते ऐकून मी मान खाली घालायचो आणि लोकांना तो विनय वाटायचा.

पाऊस आला, दंड संपला. इसाक जातच राहिला.

तो झाडं शिकला. माझ्या पुस्तकांतून नावं घ्यायचा आणि बाबांकडून स्वभाव. लाकडाचा एक ठेकेदार राईभोवती घुटमळायला लागला, तेव्हा इसाकने त्याला आपण होऊन आत नेलं, बेहड्यावर टकटक करून दाखवलं, आणि जाणकाराच्या चेहऱ्याने सांगितलं की हे सगळं आतून पोकळ आहे, चुलीत घालायच्या लायकीचं नाही. इतक्या वर्षांच्या सुताराचा शब्द. ठेकेदार गेला तो गेलाच. इसाक त्या बेहड्याची नंतर कित्येक रविवार क्षमा मागत होता, तुला पोकळ म्हणालो म्हणून. पुढे गावातल्या तरुणांनी आईसाठी काँक्रीटचा सभामंडप काढला, त्यात सहा झाडं जाणार होती. इसाकने वाद घातला नाही. जुन्या बाजारातून मोडीतले सागवानी दरवाजे आणले आणि झाडांच्या मधून वाट काढत, एकही फांदी न तोडता, दगडावर एक छोटं छप्पर उभं केलं. ते एवढं देखणं झालं की मंडपाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. आईच्या डोक्यावर आज कुणाकुणाच्या घरांचे दरवाजे आहेत. एकावर अजून ‘सुस्वागतम्’ आहे.

ती रोपं आता झाडं झालीत. राई वरच्या अंगाने वाढली आहे. ‘लायब्ररी’ जांभळाला मी मिठी मारतो तेव्हा हात कसेबसे एकमेकांना भेटतात.

आणि बी? ती माझ्याकडेच होती. आधी ग्रंथालयाच्या खणात, मग इंदिरानगरच्या घरी, कपाटात शब्दकोशाच्या मागे, त्याच चष्म्याच्या घरात. राईत जाताना खिसे झटकायचे नसतात; झटकायचे ते निघताना. आत नेऊन कुठेही टाकली असती तर संपलं असतं. तीन वेळा मी ती घेऊन गेलो. तीनही वेळा परत आणली. सापडली तर लोक विचारतील, इतक्या दिवसांनी कशी आली? असं प्रत्येक वेळी वाटलं. दरवेळी दगडापाशी पिशवी उलटी केली आणि बंद घर उचलून आत ठेवलं.

एकदा ते कपाट इसाकनेच दुरुस्त केलं होतं. मी चहा करायला आत गेलो तेव्हा त्याने पुस्तकं आपल्या हाताने उतरवून परत लावली. त्याने ते घर उघडून पाहिलं असेल का? मला ठाऊक नाही. त्याला माहीत होतं, असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर मला फार सोपं जाईल.

गेल्या श्रावणात इसाक गेला. दुकानात, दुपारी, हातात पटाशी असताना. चाळिसाव्याला गावाहून एक पिकअप भरून माणसं आली. हौसाबाई आता साठीकडे झुकली आहे; बाबांच्या मागे राई तीच राखते. तिने चोराची गोष्ट सांगितली. खिशातून पडलेला भुसा, सात घरं, दोन कळश्या. ती सांगता सांगता हसत होती, रडत होती, आणि सगळं घर तिच्यासोबत हसत होतं. इसाकची बायको, रुकय्याभाभी, डोळ्यांना पदर लावून म्हणाली, “आयुष्यात त्यांनी एकच चोरी केली, आणि तीसुद्धा बीची.”

मीही हसलो. बघा ना, तेव्हाही.

मग हौसाबाईने पिशवीतून एक कागद काढला. गाव सीमेच्या दगडाशेजारी पाटी लावणार होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावी म्हणून. मजकूर तिच्या नातीने लिहिला होता. मास्तर, तुम्ही तपासून द्या, म्हणाली. त्यात लिहिलं होतं, या राईतून बी चोरणारा सुतार पुढे या राईचा राखणदार झाला. मी घरी येऊन लाल पेनाने दोन वेलांट्या आणि एक उकार दुरुस्त केला. खोटं तसंच राहू दिलं. कागद पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं. ते टेबलावर पडून राहिलं. रंगारी पौषातल्या एका रविवारी येणार होता. त्या पाकिटाकडे बघत मी या लेखाचं पहिलं वाक्य लिहिलं, आणि पुढची पानं लिहायला मला बरेच आठवडे लागले.

रंगारी येणार त्याच्या आदल्या शुक्रवारी मी रुकय्याभाभीकडे गेलो. चष्म्याचं घर तिच्यापुढे ठेवलं, उघडलं, आणि सांगितलं. जसं तुम्हाला सांगितलं तसंच, ‘मी पाहिलं नाही’ या वाक्यासकट. तिने बी उचलून तळहातावर घेतली.

“म्हणजे ते चोर नव्हते,” ती म्हणाली.

“नाही.”

“तीस वर्षं मी त्यांना चिडवलं, भाईसाब. डब्यातला लाडू कमी झाला तरी मी म्हणायची, चोर घरातच आहे.” ती हसली नाही. मग तिचा चेहरा जरा हलला. “ते पण म्हणायचे, हो, मीच. कधी नाही म्हणाले नाहीत.”

थोड्या वेळाने तिने विचारलं, ही अजून रुजते का? मी म्हणालो, पुस्तकात आहे, कवच फार कठीण असतं, घासून भिजत घातली तर कदाचित. ती उठली, खाली दुकानात गेली आणि इसाकची कानस घेऊन आली. माझ्या हातात दिली. मी दारापर्यंत पोचलो तेव्हा मागून म्हणाली, “आता लाडू कमी झाले की तुमचं नाव घेईन.”

रविवारी मी ओढ्यापाशी हौसाबाईला भेटलो. पाकीट फाडून टाकलं होतं. नव्या कागदावर नवा मजकूर होता. तिला वाचायला चष्मा लागतो, तिने माझाच मागून घेतला. इसाक नावाच्या सुताराने न केलेल्या चोरीचा दंड भरला आणि जन्मभर या राईला पाणी घातलं. बी ग्रंथपालाने नेली होती. खाली माझं नाव. तिने दोनदा वाचलं. रंगारी डबा उघडून वाट बघत होता.

“लय वर्सं लावली मास्तर,” ती म्हणाली. मग चष्मा परत दिला. “दंड ठाव हाय ना?”

“दोन कळश्या. पाऊस पडेपर्यंत.”

“रोपं आता पार वरच्या अंगाला हायेत. चढ लय हाय.” ती वळली आणि रंगाऱ्याला म्हणाली, “लिव्ह. असंच लिव्ह.”

बेहड्याखाली बसून मी बीच्या कडेला कानस लावली. इसाकची कानस माझ्या हातात सरळ चालेना. तो असता तर पोट धरून हसला असता. कवचाखाली पांढरा गर दिसला तेव्हा थांबलो. हौसाबाईच्या नातीने वाटीत पाणी आणलं. बी तिथेच भिजत ठेवली, आईच्या छपराखाली. रुजेल की नाही, ठाऊक नाही.

मग ओढ्यावर गेलो आणि कळश्या भरल्या. त्या दिवशी सहा रोपं झाली, बाकीची हौसाबाईने मोजून पुढच्या रविवारवर टाकली. धापा टाकत होतो, गुडघे बोलत होते, अर्धं पाणी माझ्याच विजारीवर सांडलं होतं. वरून बघितलं तर खाली अख्खी राई उन्हात चकाकत होती आणि मधे ते वाकडं जांभूळ.

निघताना सीमेच्या दगडापाशी थांबलो. पाटीचा रंग अजून ओला होता. शर्ट झटकला, खिसे बाहेर काढले, पिशवी उलटी केली. चष्म्याचं घर खाली पडलं. ते उचललं आणि उघडून सगळ्यांना दाखवलं.

रिकामं होतं.